नोंद का लागत नाही?

हिशोबाचं, पगाराचं किंवा मालसाठ्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य कधी ना कधी भेटतंच. 'नोंद समाविष्ट करता आली नाही.' कधी ते इंग्रजीत येतं, कधी मराठीत, कधी नुसताच एखादा आकडा. मग समोर बसलेला माणूस "सिस्टीम घेत नाहीये हो" म्हणतो आणि आपण कागद गोळा करून घरी येतो.

मी काही वर्षं हे असले संदेश सोडवण्याचंच काम केलं, आधी फॉक्सप्रोवर आणि मग ओरॅकलवर. पण आज लिहायचंय ते मावळाबद्दल. कारण "नोंद लागत नाही" हे वाक्य वडगावच्या तहसिलात आणि आजूबाजूच्या चावड्यांमध्ये संगणकाच्या कितीतरी आधीपासून ऐकू येतंय. आणि गंमत अशी, की नोंद न लागण्याची कारणं तेव्हाही तीच होती आणि आताही तीच आहेत. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद अडली तर पगार दोन दिवस उशिरा होतो. सातबाऱ्यावर नोंद अडली तर माणूस जमिनीवरूनच पुसला जातो. म्हणून हा विषय.

सुरुवात जरा लांबून करतो.

कार्ल्याची लेणी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. एकवीरेला जाताना डोकावतो, हत्ती बघतो, लाकडी कमानी बघतो आणि खाली उतरतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर जी अक्षरं कोरलेली आहेत तिकडे फार कोणी बघत नाही. त्यातल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे याच लेण्यांच्या, भिक्खूंना करजिक नावाचं गाव दिल्याची नोंद आहे. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हटवलं. राज्य बदललं, मग आधीच्या राजवटीत दिलेल्या गावाचं काय? त्याचं उत्तर तिथल्याच दुसऱ्या लेखात आहे. लेखाचा सुरुवातीचा भाग तुटलाय, पण तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. मामाल इथल्या अमात्याला आज्ञा आहे, की हे गाव भिक्खूंकडेच राहू द्या. मामाल म्हणजे आपलं मावळ.

आजच्या भाषेत याला काय म्हणायचं? फेरफार! धारक तोच, वर सरकार नवीन, म्हणून नव्या सरकारच्या दफ्तरात नोंद परत करून घेतली.

नाशिकच्या लेण्यातला याच राजाचा एक लेख तर कुठल्याही कारकुनाला ओळखीचा वाटेल. राज्याच्या चोविसाव्या वर्षी तो म्हणतो की आधी दिलेलं शेत कोणी कसत नाही, ते गावही वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातली शंभर निवर्तनं द्या आणि त्याची नोंद करा. म्हणजे नोंद होती, दगडावर होती, पण जमिनीवरची परिस्थिती वेगळी होती. नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतर पडलं की दुरुस्ती करावी लागते, हे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी माहीत होतं.

मधली शतकं पटकन ओलांडतो. पाटील गाव चालवायचा, कुलकर्णी दफ्तर सांभाळायचा आणि ते दफ्तर मोडीत असायचं. कुठलं शेत कुणाचं हे 'ओढ्यापलीकडचं', 'आंब्याखालचं', 'देवाचा माळ' अशा नावांनी ठरायचं. १८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांना सारा वसूल करायला पक्की यादी हवी झाली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात १८२०च्या दशकाच्या शेवटी पाहणी केली आणि ती फसली. मोजणीत खोटेपणा झाला होता आणि आकारणी डोईजड होती. मग १८३५-३६ मध्ये इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली, ती हळूहळू सगळ्या मुंबई इलाख्यात गेली.

त्या पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. आकारणी माणसावर नाही, शेतावर. आणि प्रत्येक शेताला एक नंबर. सर्व्हे नंबर. माणूस मरेल, विकेल, परागंदा होईल, पण गावातला तो नंबर एकदाच आणि एकाच शेताला. डेटाबेसवाले ज्याला प्रायमरी की म्हणतात ती हीच. एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने माहितीचे तक्ते कसे बांधावेत यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध १९७० साली लिहिला. आपल्याकडे गावोगावच्या बांधावर दगड रोवून ती कल्पना शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात होती. (कॉडला हे माहीत असण्याचं काही कारण नाही, पण इंदापूरकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही. :) )

पण सर्व्हे नंबरने फक्त शेत कळलं. शेतावर कुणाकुणाचा काय हक्क आहे, हे लिहिण्यासाठी १९०३ चा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. हक्कनोंदणी तिथून. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ती कलमं आहेत. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा, आठ-अ म्हणजे खातं, आणि या सगळ्यांच्या मागे उभा असलेला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. या नोंदवहीला रकाने मोजून चार. नोंदीचा क्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणत्या नंबरावर परिणाम झाला, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही नाहीतर शेरा.

या चार रकान्यांमागचा व्यवहार बघण्यासारखा आहे. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद लिहितो. चावडीवर लावतो. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देतो. पंधरा दिवस हरकतीची वाट बघतो. हरकत आली तर ती सहा-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. नाही आली तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि तोपर्यंत? तोपर्यंत हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर नाव असायचं, पण पेन्सिलने! प्रमाणित झालं की शाईने. नामंजूर झालं की पेन्सिल खोडायची.

ओरॅकल शिकताना मला 'ट्रान्झॅक्शन' आणि 'कमिट' समजायला चार दिवस लागले होते. व्यवहार पूर्ण झाला तर पूर्ण, नाहीतर काहीच झालं नाही असं समजायचं. अर्धवट काही शिल्लक राहता कामा नये. हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी या गुणांना एकत्र नाव दिलं १९८३ मध्ये. कोणी मला तेव्हा 'पेन्सिल आणि शाई' एवढंच सांगितलं असतं तर चार मिनिटांत कळलं असतं.

आणखी एक. सातबाऱ्यावरचं जुनं नाव कधी खोडत नसत. त्याला कंस करत आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्यामुळे मागे मागे जात कोणाकडून कोणाकडे जमीन गेली ते शोधता येतं. फॉक्सप्रोमध्येही डिलीट केलेलं रेकॉर्ड लगेच जात नसे, त्याच्यावर फक्त खूण व्हायची. पुरतं घालवायला वेगळी आज्ञा द्यावी लागे. चांगली व्यवस्था पुसत नाही, कंस करते.

तर आता मूळ प्रश्न. नोंद का लागत नाही? माझ्या कामाच्या अनुभवात संदेश कितीही प्रकारचे दिसले तरी कारणं बोटावर मोजण्याइतकी असतात. प्रत्येकाचा मावळी अवतार आहे.

पहिलं कारण: क्रमांक आधीच आहे. ओरॅकलच्या संदेशांच्या यादीत याचा मान पहिला, ०००००च्या लगेच पुढचा क्रमांक ००००१. एकाच क्रमांकाची दुसरी नोंद घेणार नाही. गावात हे कसं होतं? एकाच माणसाची दोन खाती. एकदा 'बाळू' म्हणून, एकदा 'बाळासाहेब' म्हणून. किंवा उलटं, एकाच नावाचे दोन वेगळे चुलतभाऊ आणि एकच खातं. संगणक नावावरून माणूस ओळखू शकत नाही, तलाठी ओळखायचा. तो बदलून गेला की ती ओळखही त्याच्याबरोबर गेली. सातबारा संगणकावर आणल्यावर समान नावाची खाती एकत्र करणं हे एक वेगळं कामच होऊन बसलं होतं.

दुसरं: मूळच सापडत नाही. म्हणजे ज्याच्या आधारावर नवी नोंद करायची ती जुनी नोंदच नाही. पणजोबा गेले, वारस लावले नाहीत. आजोबा गेले, वारस लावले नाहीत. आता नातू म्हणतो माझं नाव लावा. कोणाच्या जागी? सातबारा म्हणतो, जमीन पणजोबांची, आणि पणजोबा दफ्तराच्या दृष्टीने ठणठणीत आहेत. मधल्या सगळ्या कड्या आधी भराव्या लागतात. आधी त्यांचे वारस, मग त्यांच्या वारसांचे वारस. त्यात मुंबईला गिरणीत गेलेला एक भाऊ, लग्न होऊन मुळशीत आणि कर्जतकडे गेलेल्या आत्या. प्रत्येकाचा दाखला आणायचा.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे नंबर बदलणं. तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा १९४७ चा. त्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि जिथे ती झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणजे जुनी कीच बदलली! जुना नंबर कुठल्या नव्या गटात गेला हे शोधायचं तर 'नऊ-तीन, नऊ-चार'चा उतारा काढावा लागतो. जुन्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आणि मधला दुवा एका पिवळ्या पडलेल्या तक्त्यात. सॉफ्टवेअर बदलताना जुन्या आणि नव्या कोडची जुळणी हरवली की काय गोंधळ होतो ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

लोणावळ्यात आणखी वेगळी तऱ्हा. गावठाण आणि शहरी भागात नगर भूमापन झालं की सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका येते, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. पण शहर वाढत जातं आणि काही जमिनींना दोन्ही कागद असतात. एक भूमी अभिलेखकडे, एक महसूलकडे. एकावर नवं नाव, दुसऱ्यावर जुनं. दोन तक्त्यांत एकच वस्तू लिहू नये हा डेटाबेसचा पहिला धडा, तो इथे रस्त्यावर दिसतो.

तिसरं: रकाना रिकामा आहे. संगणकाला पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव हवं असतं. जुन्या दफ्तरात 'राघू बिन भिवा' असतं, म्हणजे भिवाचा मुलगा राघू. किंवा 'गंगूबाई कोम रामजी', म्हणजे रामजीची बायको गंगूबाई. आडनाव नाहीच. गावात सगळे एकमेकांना ओळखायचे, आडनाव हवं कशाला? बायकांच्या बाबतीत हा रकाना जास्तच छळतो. वडिलांच्या जमिनीत नाव लागायचं ते माहेरच्या नावाने, आधार कार्डावर नाव सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. बाई तीच असते. पण तीन कागदांवर तीन बायका दिसतात आणि मग प्रतिज्ञापत्र आणा.

चौथं: बेरीज जुळत नाही. हे मला सगळ्यात आवडतं. तीन भावांत जमीन समान वाटायची. जुन्या पद्धतीत वाटा आण्यांत लिहीत. पूर्ण जमीन सोळा आणे, एका आण्याचे बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. तिघांत वाटले तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. बेरीज बरोबर सोळा आणे. काही उरत नाही, काही कमी पडत नाही. आता तेच एक हेक्टरचं करा. दहा हजार चौरस मीटर भागिले तीन. प्रत्येकी ३३३३, बेरीज ९९९९. एक चौरस मीटर कुणाचं? संगणक विचारतो आणि अडून बसतो. गुंठ्याचा हिशोब आरमध्ये करतानाही हेच. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. प्रत्येक पोटहिश्श्यात शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे आणि सगळ्या हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळेना. आकारबंदावर एक क्षेत्र, सातबाऱ्यावर दुसरं. असे न जुळणारे सातबारे शोधण्यासाठी महसूल खात्याला वेगळे अहवाल तयार करावे लागले आणि तलाठ्यांनी रात्री जागून ते निस्तरले. दिवसा सर्व्हर हळू चालायचा म्हणून!

मावळात बेरीज बिघडायला आणखी एक कारण आहे. या तालुक्यातून जेवढी जमीन निघून गेली तेवढी फार थोड्या तालुक्यांतून गेली असेल. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि बोरघाट १८६३ मध्ये. मग टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता ही धरणं त्या योजनेतली, खोपोलीहून वीज १९१५ मध्ये मुंबईला गेली. आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडी. १९४५ मध्ये लोणावळ्याला नौदलाचं 'शिवाजी'. नंतर पवना धरण, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. प्रत्येक वेळी एखाद्या नंबरातली काही गुंठे जमीन गेली. जमीन गेली की भूमी अभिलेख खातं कमी-जास्त पत्रक काढतं, आणि त्याप्रमाणे सातबारा दुरुस्त व्हायला हवा. हे पत्रक निघालं नाही, किंवा निघून त्याचा अंमल झाला नाही, तर रस्त्यावरून गाड्या धावत असतात आणि कागदावर तिथे भात पिकत असतो. वीस वर्षांनी उरलेल्या जमिनीची वाटणी करायला गेलं की संदेश येतो, क्षेत्र जुळत नाही.

पाचवं कारण खास आपलं, लिपीचं. भारत सरकारने १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदींचं संगणकीकरण निवडक आठ जिल्ह्यांत सुरू केलं, महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. त्या काळी संगणकावर मराठी म्हणजे एक दिव्य होतं. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र आणलं म्हणून ते शक्य तरी झालं. पण प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा, आणि युनिकोडमध्ये आणताना अक्षरं हलली. युनिकोडमध्येही सगळं सुरळीत नाही. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' यातला तो अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आत मात्र वेगळे संकेत. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत. म्हणजे तुम्ही नाव शोधता, संगणक म्हणतो असा खातेदार नाही. डोळ्यांसमोर नाव दिसत असतं! मी अशा ठिकाणी एकच युक्ती वापरायचो. पडद्यावर काय दिसतं ते सोडायचं आणि प्रत्येक अक्षराचा संकेत क्रमांक छापून बघायचा. दहा मिनिटांत चोर सापडतो. बहुतेक वेळा तो नावाच्या शेवटी चिकटलेली एक मोकळी जागा असतो.

ही झाली पाच कारणं. आता खरा मुद्दा.

एवढी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय, की अडवणारा संदेश हा शत्रू नव्हे. तो चावडीवरचा शहाणा म्हातारा आहे. "थांब बाबा, काहीतरी चुकतंय" असं सांगतो. घाबरायचं ते न अडवणाऱ्या व्यवस्थेला. जुन्या डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये आधी एक कोरं रेकॉर्ड जोडायचं आणि मग त्यात माहिती भरायची अशी रीत होती. मधल्या क्षणी वीज गेली की कोरं रेकॉर्ड तसंच राहायचं. आणि आपल्याकडे भारनियमन! एका गिऱ्हाइकाच्या मालसाठ्यात अशी तीनशेवर कोरी रेकॉर्डं मी मोजली होती. एकदाही संदेश आला नव्हता. सगळं कसं शांत होतं.

सातबाऱ्यातली सगळ्यात मोठी अशी शांत चूक म्हणजे 'ए. कु. मॅ.' एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चार भाऊ, पण नाव लागायचं थोरल्याचं आणि पुढे ही तीन अक्षरं. कारभाराला सोपं. सारा एकाने भरायचा, सही एकाने करायची. क्रमांक बरोबर, रकाने भरलेले, बेरीज जुळलेली. कुठलाही नियम मोडलेला नाही. फक्त तीन भाऊ दिसत नाहीत. पुढच्या पिढीत संगणकावर चढवताना ती तीन अक्षरं कुठे गळली तर थोरल्याची मुलं मालक, आणि बाकीच्यांची मुलं कोर्टात.

बहिणींचं तर विचारूच नका. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. पण वारसांच्या अर्जात बहिणीचं नावच लिहिलं नाही तर कुठला संगणक ओरडणार? जे नाव आलंच नाही ते अडवता येत नाही. त्या पंधरा दिवसांच्या नोटिशीचा उपयोग तिथे असतो, पण नोटीस ज्यांची नावं अर्जात आहेत त्यांनाच जाते. चावडीवर लावलेला कागद साताऱ्याला दिलेल्या बहिणीला दिसत नाही.

कुळांचंही तेच झालं होतं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने मालक होण्यास पात्र ठरला. पण कसत होता हे कुठे लिहिलेलं? गाव नमुना बाराच्या पीकपाहणीत आणि इतर हक्काच्या रकान्यात. ज्याचं नाव तिथे होतं त्याला वाट सोपी झाली. ज्याचं नाव कोणी लिहिलंच नव्हतं, त्याने पिढ्यान्पिढ्या नांगर धरला असला तरी ते सिद्ध करणं त्याच्यावर आलं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. फेरफाराने मालकी मिळत नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. ही नोंद मुळात सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी. पण संहितेचं कलम १५७ असंही म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी मानायची. म्हणजे नोंद चुकली तरी हक्क जात नाही, पण सिद्ध करण्याचं ओझं ज्याचं नाव नाही त्याच्या डोक्यावर. आणि मावळात, जिथे द्रुतगती मार्गानंतर जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, तिथे हे ओझं एका आयुष्यात उतरत नाही. आमच्या नात्यातल्या एक आत्या हे ओझं घेऊनच गेल्या. नाव, गाव लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहे.

मग या शांत चुका पकडायच्या कशा? सॉफ्टवेअरवाल्यांकडे याला उत्तर आहे, आणि ते तांत्रिक नाही. ज्यांची माहिती आहे त्यांना ती वाचून दाखवा. २०१७ च्या उन्हाळ्यात महसूल खात्याने नेमकं हेच केलं. संगणकावर चढवलेले सातबारे छापून गावोगाव चावडी वाचन केलं. मोठ्याने वाचायचं, लोकांनी ऐकायचं, चूक असेल तर तिथेच सांगायचं. मला ही कल्पना फारच थोर वाटते. कारण "माझ्या भावाचं नाव राहिलं" हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, पण चावडीत बसलेली म्हातारी सांगू शकते. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. आता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती परस्पर ई-फेरफार प्रणालीत येते. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, जुन्या नावांवर कंसाऐवजी आडवी रेघ आली आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही त्यावरच दिसू लागलं. म्हणजे पेन्सिल परत आली म्हणा ना! २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. नाव मोठं समर्पक आहे. कागदावर जिवंत असलेल्यांना निरोप आणि जमिनीवर जिवंत असलेल्यांना जागा.

नातेवाईक मंडळींसाठी आता सरळ चार गोष्टी. वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ काढा. नावं मोठ्याने वाचा, आणि जी नाहीत ती मोजा. सगळ्यांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी ताडून बघा. लिहिताना झालेली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. निर्णय पटला नाही तर प्रांताकडे अपील असतं, त्याला मुदत असते, ती घालवू नका. आणि कोणी "सिस्टीम घेत नाही" म्हणालं तर "बरं" म्हणून उठू नका. सिस्टीम नक्की काय म्हणते ते अक्षरशः लिहून घ्या. संदेश अर्धा कळला तरी निम्मं काम झालेलं असतं, कारण अडचण पाचांपैकी कुठली ते त्यातच असतं.

वारसांचा अर्ज करताना मात्र संगणकाच्या भरवशावर राहू नका. आत्यांची आणि बहिणींची नावं आधी लिहा. त्यांना हक्क सोडायचा असेल तर त्या सोडतील, त्यासाठी रीतसर दस्त आहे. पण सोडण्यासाठी आधी नाव तर असायला हवं ना?